अक्कलदाढ काढल्यावर अर्धी जीभ बधिर: स्पर्श गेला, चव गेली, पण जीभ हलते, असं का?

प्रश्न थोडक्यात असा: खालची उजवी अक्कलदाढ काढून तीन आठवडे झाले. जिभेची उजवी बाजू टोकापर्यंत बधिर आहे, तिथे साखर ठेवली तर गोड लागत नाही, मीठही कळत नाही. पण जीभ बाहेर काढली की सरळ येते, आणि काढा गिळताना घशाशी कडू लागतोच. एकाच जिभेत हे सगळं कसं? जिभेला नसा तरी किती? आणि हे बरं होणार का?

तुम्ही लक्षणं इतकी नीट वेगळी करून लिहिली आहेत की इजेची जागा त्यांतूनच बरीचशी कळते. स्पर्श, चव आणि हालचाल ही जिभेची तीन कामं वेगवेगळ्या नसांकडे आहेत. (नस म्हणजे इथे मज्जातंतू, रक्तवाहिनी नव्हे.) कोणतं काम गेलं आणि कोणतं राहिलं, हे वेगवेगळं तपासलं की नस कुठे दुखावली ते सांगता येतं. नुसतं ‘जीभ बधिर आहे’ एवढ्यावर ते कळत नाही.

जिभेवर मागच्या बाजूला इंग्रजी व्ही अक्षरासारखी एक खाच असते, तिचं टोक घशाकडे. खाचेपुढची दोन तृतीयांश जीभ आरशात दिसते, मागची एक तृतीयांश घशात उतरते. गर्भात हे भाग वेगवेगळ्या ठिकाणांहून येऊन जुळतात आणि प्रत्येक भाग आपली माहेरची नस सोबत घेऊन येतो. पुढच्या भागाला पाचव्या क्रेनिअल नर्व्हची (मेंदूतून थेट निघणाऱ्या, क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या नसांपैकी पाचवीची) शाखा मिळते, तीच लिंग्वल नर्व्ह. मागच्या भागाला नववी, म्हणजे ग्लॉसोफॅरिंजिअल. अगदी मुळाशी, स्वरयंत्राच्या झाकणाजवळ, दहावी व्हेगस. स्नायू तर मानेच्या वरच्या भागाकडून सरकत आलेले, म्हणून त्यांची नस पूर्ण वेगळी: बारावी, हायपोग्लॉसल. अपवाद एकच, टाळूकडून जिभेत उतरणारा पॅलॅटोग्लॉसस हा स्नायू. तो व्हेगसकडे जातो.

तुमची जीभ सरळ बाहेर येते ती या बाराव्या नसेमुळे. ती अक्कलदाढेपासून दूर, तोंडाच्या तळाशी खोल चालते, दाढ काढताना तिला सहसा धक्का लागत नाही. ती दुखावली असती तर जीभ दुखावलेल्या बाजूला वळली असती, कारण चांगल्या बाजूचा स्नायू तिला पुढे ढकलतो आणि कमजोर बाजू अडवू शकत नाही. काही आठवड्यांनी ती बाजू सुकून सुरकुतलेली दिसली असती, तिच्यावर बारीक थरथर दिसली असती. ही थरथर जीभ तोंडात सैल पडलेली असताना पाहायची. बाहेर काढलेली जीभ चांगल्या माणसाचीही थरथरते, आणि त्यावरून उगाच घाबरलेले लोक पुष्कळ असतात.

आता चव. पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव सातव्या नसेची, म्हणजे चेहऱ्याच्या फेशियल नर्व्हची एक बारीक फांदी नेते. तिचं नाव कॉर्डा टिंपॅनी. तिचा रस्ता चक्क कानातून जातो. मेंदूकडून येणारी फेशियल नर्व्ह कवटीबाहेर पडायच्या साधारण 6 मिलिमीटर आधी कॉर्डा तिच्यापासून सुटते, मधल्या कानात शिरते, कानाच्या पडद्याच्या आतून हातोडी आणि ऐरण या दोन हाडांच्या मधून जाते, एका बारीक फटीतून बाहेर पडते आणि कवटीच्या तळाखाली साधारण 2 सेंटिमीटरवर लिंग्वल नर्व्हला येऊन मिळते. तिथून पुढे दोघी एकाच आवरणात, एका दोरीसारख्या, अक्कलदाढेच्या आतल्या अंगाने जिभेत जातात.

हा संगम लक्षात ठेवा, निदान त्याच्यावर उभं आहे. संगमाच्या पुढे, म्हणजे जिभेकडच्या बाजूला, दोरी दुखावली तर स्पर्श आणि चव दोन्ही एकाच बाजूला जातात. तुमचं नेमकं हेच झालेलं दिसतं. संगमाच्या आधी फक्त लिंग्वल नर्व्ह दुखावली तर स्पर्श जातो, चव राहते. आणि कॉर्डा टिंपॅनी एकटीच दुखावली, उदाहरणार्थ कानाच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत ताणली गेली, तर स्पर्श शाबूत राहतो पण अर्ध्या जिभेची चव मंदावते, किंवा तोंडात लोखंड धरल्यासारखी धातूची चव येत राहते. चेहऱ्याचा अर्धा भाग लुळा पडणाऱ्या बेल्स पाल्सीतही असंच होतं: चेहरा वाकडा, त्याच बाजूची चव गेलेली, पण जिभेला टाचणी नीट टोचते. चेहरा वाकडा असून चव मात्र शाबूत असेल तर इजा कॉर्डा सुटल्यानंतरची, म्हणजे कानाखाली कवटीच्या बाहेर किंवा गालाच्या लाळग्रंथीजवळची असण्याची शंका घ्यायची.

कॉर्डा टिंपॅनी जाताना आणखी एक काम करते. जबड्याखालच्या आणि जिभेखालच्या लाळग्रंथींना लाळ सोडायचा हुकूम तीच पोहोचवते. तुमची त्या बाजूची लाळ थोडी कमी झाली असेल, पण दुसऱ्या बाजूच्या ग्रंथी वेळ निभावून नेतात, म्हणून जाणवत नाही.

काढा घशाशी कडू लागतो, कारण मागच्या भागाची चव आणि स्पर्श दोन्ही नवव्या नसेकडे आहेत, आणि ती दाढेच्या जागेपासून लांब, टॉन्सिलच्या मागून येते. (टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर काहींची मागची चव काही काळ जाते, ती याच नसेमुळे.) इथे एक बारकावा आहे. खाचेच्या लगेच पुढे 8 ते 12 मोठे गोल दाणे ओळीने असतात, प्रत्येकाभोवती खंदकासारखी चर. जागेने ते पुढच्या भागात मोडतात, पण त्यांची नस नववी आहे, कारण त्यांच्यावरची त्वचा मागून पुढे सरकून आलेली असते. जिभेवरच्या रुचिकलिकांपैकी (चव टिपणाऱ्या पेशींच्या बारीक झुबक्यांपैकी) जवळपास निम्म्या एकट्या या दाण्यांच्या चरांत असतात. म्हणूनच एका बाजूची पुढची चव गेली तरी जेवताना फार उणीव भासत नाही. हे दाणे सगळ्यांनाच असतात. आरशात जीभ खूप बाहेर काढून पाहताना ते पहिल्यांदा दिसले म्हणून गाठ आली असं समजू नका.

शाळेत शिकवलेला जिभेचा नकाशा, म्हणजे टोकाला गोड, कडेला आंबट आणि मागे कडू, चुकीचा आहे. 1901 साली जर्मनीत हॅनिग यांनी वेगवेगळ्या भागांच्या संवेदनशीलतेत किंचित फरक मोजला होता. पुढे त्याच्या आलेखाचा अर्थ ताणत नेला गेला आणि ‘इथेच गोड, तिथेच कडू’ असं पुस्तकांत बसलं. खरं म्हणजे रुचिकलिका जिथे आहे तिथे सगळ्या चवी कळतात. तुमच्या घशाशी फक्त कडूच नाही, गोडही कळत असणार. साखरेचं पाणी घोटभर गिळून पाहा.

रुचिकलिका म्हणजे 50 ते 100 पेशींचा, लसणाच्या गड्ड्यासारखा बारीक झुबका. वर एक छिद्र, खाली नसेची टोकं. गोड, कडू आणि मांस-टोमॅटोसारखी उमामी चव एका प्रकारच्या पेशी पकडतात, आंबट दुसऱ्या प्रकारच्या. पहिल्या प्रकारच्या पेशीला चव लागली की ती एटीपी हे रसायन सोडते आणि त्याने नस जागी होते. गोडाच्या ग्राहकावर (पेशीवरच्या गोड पकडणाऱ्या भागावर) सह्याद्रीत सापडणाऱ्या गुडमारच्या पानाचा परिणाम सहज पाहता येतो: पान चावून थुंकलं की काही वेळ साखर वाळूसारखी लागते. नस ठणठणीत असते, फक्त ग्राहक झाकला गेलेला असतो.

या पेशींचं आयुष्य फार थोडं, सरासरी 10 दिवसांच्या आसपास. जुन्या झडतात, नव्या तयार होतात. पण हा कारखाना नसेच्या जोरावर चालतो. नस तुटली की तिच्या हद्दीतल्या रुचिकलिका आठवड्या-दोन आठवड्यांत सुकतात. नस वाढत परत आली की पुन्हा उगवतात. म्हणून तुमच्या बाबतीत ‘रुचिकलिका खराब झाल्या, त्यांचं औषध द्या’ असं म्हणून उपयोग नाही. नस परतली तर त्या येतील, नाही परतली तर येणार नाहीत.

तिखटाबद्दल वेगळं सांगायला हवं. आपण गोड, आंबट, खारट, कडू, तिखट, तुरट असे सहा रस मानतो. नसांच्या हिशेबाने यातले पहिले चार चवीच्या वाटेने जातात. तिखट ही चव नसून जळजळ आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णतेच्या वेदनेचा ग्राहक उघडतं आणि पुढच्या जिभेवरून तो संदेश लिंग्वल नर्व्हच नेते. सुपारीचा किंवा आवळ्याचा तुरटपणा, पुदिन्याचा गारवा हेही मुख्यतः त्याच वाटेने. त्यामुळे कॉर्डा टिंपॅनी एकटी गेलेल्या माणसाला त्या बाजूला साखर कळणार नाही पण पेपरमिंटचा गारवा कळेल. तुम्हाला दोन्ही कळणार नाहीत. (बधिर बाजूवर मिरची लावून मात्र पाहू नका. कळणार नाही आणि साल निघेल.)

घरी तपासायचं असेल तर असं करा. तासभर आधी काही खाऊ-पिऊ नका, पान-तंबाखू तर नाहीच. चार वाट्या घ्या: 10 मिलि पाण्यात 4 ग्रॅम साखर, 10 मिलि पाण्यात 2 ग्रॅम मीठ, लिंबाचा रस, आणि काडेचिराईताचा गाळलेला काढा. पाचव्या वाटीत साधं पाणी. एका कागदावर मोठ्या अक्षरांत गोड, खारट, आंबट, कडू, काही नाही असं लिहा. जीभ बाहेर काढून स्वच्छ कापडाने टिपून घ्या. घरातल्या कुणाला तरी इअरबड द्रावणात बुडवून, थेंब गळणार नाही इतका पिळून, टोकापासून दीड सेंटिमीटर मागे जिभेच्या कडेला टेकवायला सांगा. मधल्या रेषेवर नको. तुम्ही जीभ आत न घेता कागदावर बोट ठेवायचं. मग चूळ भरून अर्धा मिनिट थांबायचं. आधी बधिर बाजू, मग चांगली, आणि कडू सगळ्यात शेवटी, कारण ते रेंगाळतं. प्रत्येक द्रावण तीनदा, क्रम बदलून, मधूनच साधं पाणी.

ही तपासणी फसते ती एकाच चुकीने: उत्तर द्यायला जीभ आत घेतली जाते. द्रावण टाळूला, दुसऱ्या बाजूला, मागच्या दाण्यांना लागतं आणि सगळी उत्तरं बरोबर येतात. टाळूवरही रुचिकलिका असतात, हे लोक विसरतात.

दुसरी चूक नाकाची. आपण ज्याला पदार्थाची चव म्हणतो त्यातला मोठा भाग वासाचा असतो, घशामागून नाकात चढणारा. नाक चिमटीत धरून बडीशेप चावून पाहा: किंचित गोड, बाकी भुसा. नाक सोडलं की क्षणात बडीशेप. ‘जेवण बेचव लागतं’ असं म्हणणाऱ्याचं नाक आधी तपासावं लागतं ते यासाठी.

स्पर्शासाठी डोळे मिटून कापसाची वात लावायची, मग मऊ ब्रश पुढून मागे की मागून पुढे फिरला ते ओळखायचं, मग गार चमचा आणि कोमट चमचा. बधिरपणाची हद्द मधल्या रेषेशी येऊन थांबते का ते बघा. जिभेचं चित्र काढून ती हद्द रंगवा, तारीख घाला, दर 15 दिवसांनी नवीन चित्र. डॉक्टरांना ‘थोडं बरं वाटतं’ या वाक्यापेक्षा अशी चार चित्रं फार उपयोगी पडतात. जिभेवर खाण्याचा निळा रंग लावला तर गुलाबी, टाचणीच्या डोक्याएवढे दाणे उठून दिसतात. हेच पुढच्या भागातले रुचिकलिका असलेले दाणे. बाकीचे केसासारखे बारीक, ज्यांनी जीभ खरखरीत होते, त्यांच्यात रुचिकलिका नसतात. नस बराच काळ तुटलेली राहिली तर त्या बाजूचे गुलाबी दाणे विरळ आणि चपटे होत जातात.

नसेला दोष देण्याआधी दोन गोष्टी बाजूला काढा. दाढ काढल्यावर क्लोरहेक्झिडीनचं माउथवॉश दिलं जातं, त्याने खारट आणि कडू चव तात्पुरती मंदावते. मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांनी तोंडाला धातूची चव येते. पण या दोन्हींचा परिणाम दोन्ही बाजूंना होतो आणि स्पर्श जात नाही. तसंच बी-12 च्या कमतरतेत जीभ गुळगुळीत, लाल, चुरचुरणारी होते, तीही दोन्हीकडे. एकाच बाजूला, मधल्या रेषेशी कापल्यासारखा थांबणारा बधिरपणा म्हणजे नसच.

ती दुखावते कशी? लिंग्वल नर्व्ह अक्कलदाढेच्या आतल्या बाजूला हाडापासून अवघ्या काही मिलिमीटरवर, हिरडीच्या अस्तराखाली असते, आणि साधारण दहातल्या एक-दोघांत ती हाडाच्या काठाशी किंवा त्याहूनही वर असते. साध्या एक्स-रेत नस दिसत नाही. दाढेमागचा छेद गालाकडे न वळता सरळ मागे गेला, आतल्या बाजूची हिरडी फार ओढली गेली, ड्रिल आतल्या पातळ हाडातून पार गेलं किंवा टाका खोल घेतला, तर ती ताणली, चेपली किंवा कापली जाते. बधिरतेच्या सुईनेही होऊ शकतं. सुई टोचताना जिभेत विजेसारखा झटका आला तर तो ताबडतोब सांगायचा, आणि डॉक्टरांनी सुई 1-2 मिलिमीटर मागे घेऊन मगच औषध सोडायचं.

बरं होणार का, हे नस चेपली की तुटली यावर आहे. नुसती चेपलेली नस काही आठवड्यांत जागी होते. आतले तंतू तुटले पण आवरण शाबूत राहिलं तर ते दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतात. अक्कलदाढेपासून जिभेच्या टोकापर्यंत 6-8 सेंटिमीटर धरले तर दोन-अडीच महिने नुसत्या प्रवासाचे, शिवाय सुरुवातीचा उशीर. म्हणून तिसऱ्या आठवड्यात निराश व्हायचं कारण नाही. बहुतेक इजा आपोआप सुधारतात. मुंग्या येणं, सुया टोचल्यासारखं वाटणं ही सहसा परतीची खूण असते. बधिर हद्द मागून पुढे आक्रसत जाते, टोक सगळ्यात शेवटी येतं. चव स्पर्शाच्या मागून येते आणि पुष्कळदा अपुरीच येते, कारण त्या दोरीत चवीचे तंतू मुळात थोडे, आणि त्यांना वाढत जाऊन नेमक्या दाण्यापर्यंत पोहोचावं लागतं. ही अपेक्षा आधीच ठेवलेली बरी.

थांबायचं कुठे नाही, तेही सांगतो. 3 महिन्यांनंतरही बाजू पूर्ण बधिर असेल आणि चित्रांमध्ये काहीच फरक नसेल. किंवा जिभेत सतत जळजळ, आग होत असेल. किंवा दाढेच्या जागी आतून बोट दाबलं की जिभेत झटका जात असेल, तर मज्जातंतूंची सूक्ष्मशस्त्रक्रिया करणाऱ्या मुख-जबडा शल्यचिकित्सकाला दाखवा. झटका म्हणजे तुटलेल्या टोकाशी तंतूंची गाठ झाल्याची शंका. सूक्ष्मदर्शकाखाली टोकं जोडण्याचा उपयोग पहिल्या 3 ते 6 महिन्यांत जास्त. वर्ष उलटल्यावर यश कमी होत जातं. शस्त्रक्रियेच्या वेळीच नस कापलेली दिसली असेल तर एवढीही वाट पाहायची नाही. मिथाइलकोबालामिनच्या गोळ्या सर्रास दिल्या जातात. कमतरता नसेल तर त्यांनी नस लवकर वाढते असा भक्कम पुरावा नाही. आगीच्या दुखण्यावर वेगळी औषधं आहेत, ती डॉक्टरच सुरू करतील.

हे सगळं दाढ काढल्यानंतरच्या बधिरपणाबद्दल झालं. कोणतीही शस्त्रक्रिया, सुई किंवा मार नसताना जिभेची एक बाजू हळूहळू बधिर होत असेल, तर मात्र वाट पाहायची नाही. विशेषतः तंबाखू, गुटखा, मिश्री यांची सवय असेल आणि जिभेच्या कडेला दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल. अशा वेळी कधीकधी तक्रार कान दुखण्याचीच असते आणि कान तपासून पाहिला तर स्वच्छ. कारण जिभेची आणि कानाची जाणीव पाचव्या आणि नवव्या नसेच्या फांद्यांतून एकाच खोडाला मिळते, मेंदूला दुखणं कुठलं ते कळत नाही. कान स्वच्छ असून दुखत असेल तर जिभेची कड, जिभेचं मूळ आणि टॉन्सिल बॅटरीच्या उजेडात पाहायला आणि हातमोजा घालून बोटाने चाचपायलाच हवेत.

तोवर तुमच्यासाठी रोजचं: चहा पेल्यात ओतून, ओठाला उष्णता बघून मगच प्या, बधिर बाजूला पोळलेलं कळत नाही. चावणं डाव्या बाजूने. रात्री झोपण्याआधी आरशात उजवी कड पाहा, दात लागून झालेली जखम दुखणार नाही, ती दिसूनच कळेल. दाताची धार तिथे लागत असेल तर दंतवैद्याकडून घासून घ्या.